‘ना घरची ना घाटाची’ म्हणण्याआधी प्रागमधल्या व्हिएतनामी मुलांचं ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं. परदेशात वाढणारी आपली मुलं ‘ना घरची ना घाटाची’, त्यांना धड मराठी येत नाही, धड तिकडचीही ती होत नाहीत, आणि याला सर्वस्वी आईबाप जबाबदार, असं त्यांचं म्हणणं. पत्र मी तीनदा वाचलं. राग आला असं नाही म्हणणार, कारण त्यात जी काळजी आहे ना, तीच दर रविवारी फोनवर माझ्या सासूबाईंच्या आवाजात पण असते. पण मी गेली अकरा वर्षं प्रागमध्ये राहते, मूळची सांगलीची, आणि आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात जी मुलं मी रोज बघते त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाहीये. ती मुलं मराठी नाहीत, व्हिएतनामी आहेत. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याकडे सापडलं, निदान अर्धं तरी.

प्रागमध्ये व्हिएतनामी कुठून आले, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. तर आजचा हा चेक देश झेकोस्लोव्हाकियाचा भाग होता आणि कम्युनिस्ट होता तेव्हापासूनची ही ओळख आहे. 1956 मध्ये उत्तर व्हिएतनाममधून 100 लहान मुलं इथे ख्रास्तावा नावाच्या गावी आणली होती, युद्धातून वाचलेली, शिकायला म्हणून. मग सत्तर-ऐंशीच्या दशकात सरकारी करार होऊन हजारोंनी कामगार आणि शिकाऊ मुलं आली, एका टप्प्याला 30 हजारांच्या आसपास. 1989 ला राजवट बदलली, कारखाने बंद पडायला लागले, करार संपले, कित्येक परत गेले आणि जे राहिले त्यांनी रस्त्यावर टेबल टाकून कपडे, बूट, सिगारेटी विकायला सुरुवात केली, जर्मनीच्या बॉर्डरला खेब वगैरे गावांत तर मोठमोठे बाजार उभे राहिले. नंतर गाववाले, नातेवाईक असे एकामागून एक येत गेले. आज युक्रेनियन आणि स्लोव्हाक लोकांनंतर इथला तिसरा मोठा परदेशी समाज व्हिएतनामींचा आहे, 60 हजारांहून जास्त लोक. न्गुयेन हे आडनाव इथे इतकं कॉमन आहे की शाळेच्या कित्येक वर्गांत एखादा तरी न्गुयेन असतो. प्रागच्या दक्षिणेला लिबुश भागात जुन्या कारखान्याच्या आवारात त्यांचा ‘सापा’ नावाचा अख्खा बाजार आहे, मी कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि तांदूळ तिथूनच आणते.

आणि प्रत्येक गल्लीत त्यांची ‘वेचेर्का’ असते. वेचेर म्हणजे संध्याकाळ, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडं राहणारं किराणा दुकान. आमच्या खालचं दुकान सकाळी सातला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं, आठवड्याचे सातही दिवस. दुकान चालवणारे नवरा-बायको माझ्याच वयाचे. त्यांना दोन मुली, मोठी एकवीस वर्षांची, धाकटी नऊ वर्षांची, आणि ही धाकटी माझ्या मुलीच्या वर्गात आहे. दोघींचा जन्म प्रागचाच.

आता सात ते दहा दुकान म्हटल्यावर पोरींना सांभाळणार कोण? इथे एक गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. इथल्या खूप व्हिएतनामी आईबापांनी मुलांसाठी चेक आजी ठेवल्या, खरंच आजी, शेजारपाजारच्या पेन्शनवर असलेल्या एकट्या बायका. चेकमध्ये आजीला बाबिच्का म्हणतात. आधी पैसे ठरवून सुरू होतं, मग पाच-सहा वर्षांत पैशांचा विषय मागे पडतो आणि ती खरोखरची आजी होऊन जाते. दुकानवाल्यांच्या दोन्ही मुली आमच्याच पानेलाकमधल्या (म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या बिल्डिंगा असतात ना, त्या) तिसऱ्या मजल्यावरच्या बाबिच्काकडे वाढल्या. सोमवार ते शुक्रवार तिच्याकडेच जेवायचं, झोपायचं, शुक्रवारी रात्री आईकडे. ती त्यांना क्रीमच्या सॉसमधलं बीफ आणि पावाचे उकडलेले गोळे खाऊ घालते, स्वेटर विणून देते, होमवर्क घेते, आणि त्यांना रागावते पण चेकमध्ये आणि लाडही चेकमध्येच करते.

म्हणजे बघा, पोटच्या आईने पोरींसाठी रोज पंधरा तास उभं राहून काम केलं आणि पोरींना पहिली भाषा मिळाली ती दुसऱ्याच बाईची. यात चूक कोणाची सांगायची? मला तरी कोणाची दिसत नाही.

मोठी मुलगी कॉलेज करून संध्याकाळी काउंटरला बसते. तिची माझी दोस्ती झाली ती भाषेवरूनच. एकदा मी दुकानात उभी राहून फोनवर सासूबाईंशी बोलत होते, आणि मागून मुलीला ओरडले, तर ती म्हणाली, तुम्ही फोनवरच्या बाईंशी वेगळं बोलता आणि मुलीशी वेगळं, शब्द तेच पण शेवट बदलतो. मी चकितच झाले. म्हटलं हो, सासूबाईंना आम्ही अहो-जाहो करतो, मुलीला अगं-तुगं. ती म्हणाली आमच्याकडे तर ‘मी’ पण बदलतो. मग तिने मला समजावलं. त्यांच्या घरात ‘मी’ असा कोरडा शब्द वापरतच नाहीत. आईशी बोलताना ती स्वतःला ‘कॉन’ म्हणते, म्हणजे लेकरू. धाकटीशी बोलताना ‘ची’, म्हणजे ताई. आजीशी बोलताना ‘चाऊ’, म्हणजे नात. वडिलांची धाकटी बहीण वेगळी, आईची धाकटी बहीण वेगळी, अगदी आपल्या आत्या-मावशीसारखं, आणि त्यात कोण आईवडिलांपेक्षा मोठं आणि कोण लहान त्यावर पण शब्द बदलतो. चेकमध्ये सगळ्या ‘तेता’. तिने एक वाक्य असं सांगितलं की मी ते घरी येऊन लिहून ठेवलं. ती म्हणाली, चेक बोलताना मी कुठेही गेले तरी एकच ‘मी’ असते, आणि व्हिएतनामी बोलताना समोर कोण आहे त्यावर मी कोण ते ठरतं, त्यामुळे कोणाला काय म्हणायचं ते चुकलं की नुसतं व्याकरण चुकत नाही, नातंच चुकतं, म्हणून मी गप्प बसते.

काका, आपली मुलं गावाला आल्यावर गप्प का बसतात याचं याहून चांगलं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आता अहो-जाहोचाच विषय निघालाय तर अजून एक. चेकमध्ये पण आपल्यासारखं एकेरी आणि आदरार्थी आहे, ‘ति’ म्हणजे तू आणि ‘वि’ म्हणजे तुम्ही. अनोळखी मोठ्या माणसाला एकेरीत बोलणं इथे सरळसरळ अपमान समजतात. पण व्हिएतनामी दुकानदाराला मात्र कित्येक चेक लोक वर्षानुवर्षं एकेरीतच बोलत आलेत, ‘ए, दे एक बिअर, किती झाले तुझे’, समोर पन्नाशीची बाई असली तरी. बाजारात टेबल लावायचे त्या दिवसांपासून ती सवय चालत आली. आता कमी झालंय, तरुण लोक नीट बोलतात, पण मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. आणि याचं पुढचं मोठीने सांगितलं ते मला फार लागलं. तिची आई चेक शिकली ती कुठल्या क्लासला जाऊन नाही, काउंटरच्या मागे उभी राहून, कस्टमरच्या तोंडून. तिला समोरून कायम ‘तू’च ऐकू आलं म्हणून तीही सगळ्यांना ‘तू’च म्हणायला शिकली. आणि मग सरकारी ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईंना ती ‘तू’ म्हणाली की त्या बाई चिडायच्या, की या लोकांना रीत नाही. आठ वर्षांची पोरगी आईचा हात धरून उभी, तिला दोन्ही बाजू कळतायत, आईला माहीत नाही आपण काय बोललो आणि त्या बाईला माहीत नाही आईला ते कोणी शिकवलं, आणि पोरीला मधल्या मधे दोघींची लाज वाटतेय. 

ही दुभाषी मुलं म्हणजे एक वेगळाच विषय आहे. इथल्या व्हिएतनामी घरांत मूल लिहायला-वाचायला लागलं की घरची सगळी कागदपत्रं त्याच्याकडे. वीजबिल, व्हिसाचे फॉर्म, भाड्याचा करार, शाळेची नोटीस (म्हणजे स्वतःचीच तक्रार स्वतःच भाषांतर करून आईला सांगायची), पोलिसांकडच्या रांगेत नंबर आला की पुढे मूल. मोठी अकरा वर्षांची असताना तिच्या आईच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला तो या पोरीला, कारण खोलीत चेक येणारी तीच एक. डॉक्टर चांगले होते, हळू बोलले, असं ती म्हणते. ते ‘नादोर’ म्हणाले, म्हणजे ट्यूमर. तिला तो शब्द माहीत होता, कारण बाबिच्काच्या शेजारणीला तोच झालेला आणि ती गेली होती. आईने विचारलं, काय म्हणाले? आणि हिला व्हिएतनामीत तो शब्दच येईना. तिची व्हिएतनामी म्हणजे जेव, झोप, दार लाव, पैसे मोज, शाळेत किती मिळाले, एवढीच. ती म्हणाली, पोटात मांस आहे, जास्तीचं. आईला वाटलं पचलं नसेल, ती म्हणाली बरं, आणि दोघी ट्रामने घरी आल्या, आईने दुकान उघडलं.

पुढचे तीन आठवडे, दुसरा रिपोर्ट येईपर्यंत, आई निवांत होती आणि अकरा वर्षांच्या पोरीला सगळं माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं? बाबिच्काला. चेकमध्ये. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. गाठ साधी निघाली, आई आता ठणठणीत आहे, मला रोज हसून पिशवी भरून देते. पण मोठी म्हणाली, की घाबरण्याचं सगळं मला चेकमध्ये कळलं आणि ते आईला सांगायला माझ्याकडे भाषाच नव्हती, आणि आईला धीर द्यायला पण नव्हती.

हे ऐकल्यापासून मी ‘भाषा टिकवणं’ याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपण संस्कृती म्हणतो, वारसा म्हणतो, श्लोक पाठ करून घेतो, गणपतीत पोरांना नऊवारी नेसवून व्हिडिओ काढतो. चांगलंच आहे ते, मीही करते. पण मुलाला आपल्या आईशी दुखण्याबद्दल, भीतीबद्दल, रागाबद्दल बोलता येईल एवढी भाषा त्याच्याकडे आहे का, हे कोणी तपासतच नाही. माझ्या मुलीला ‘शुभं करोति’ अख्खं येतं, पण ‘मला आज शाळेत एकटं वाटलं’ हे ती मला चेक-इंग्लिश मिसळून सांगते.

नावांचं पण तेच. व्हिएतनामी लोकांत आडनाव आधी येतं, मग मधलं, मग खरं हाक मारायचं नाव शेवटी. बायकांच्या नावात मधे बऱ्याचदा ‘थी’ असतं, ते नुसतं बाईचं नाव आहे हे दाखवणारं. इथल्या ऑफिसांत मधल्या शब्दालाच नाव समजून हाका मारायचे, रांगेतल्या पाच बायका सगळ्या ‘थी’. (आपल्या बायकांचं मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव, ते समजावताना मला काय काय करावं लागलं ते वेगळंच.) मुलांना तर बालवाडीतल्या बाईंनी किंवा बाबिच्काने सरळ चेक नावं देऊन टाकलेली असतात, कोणी होन्झा, कोणी लेंका. घरी एक नाव आणि शाळेत एक. नऊ वर्षांच्या धाकटीला मी विचारलं तुला कुठलं आवडतं, तर तिला प्रश्नच कळला नाही, म्हणाली, हे आईचं आहे आणि ते बाबिच्काचं.

या मुलांना इथे एक नाव पडलंय, ‘बानानोवे द्येति’, केळ्याची मुलं. बाहेरून पिवळी, आतून पांढरी. लोक प्रेमानेही म्हणतात, मुलं स्वतः पण म्हणतात. मोठी सांगते की पंधराव्या वर्षी तिला ते भारी वाटायचं, आपल्यासाठी एक शब्द तरी आहे म्हणून, आणि आता तिला तो अजिबात नको असतो, कारण त्यात असं गृहीत धरलंय की चेक असणं आत आहे आणि व्हिएतनामी असणं नुसती साल. आणि व्हिएतनामी बाजूने पण एक शब्द आहे, ‘मत गोक’, मूळ हरवलेला. हाय झुओंग नावाच्या भागात तिच्या आईचं माहेर, तिथे ही उन्हाळ्यात गेली की नातेवाईक हसत हसत हेच म्हणतात, बाजारात बायका हिला चालण्यावरून ओळखतात आणि भाव वाढवून सांगतात. तिथे तिला ऐकायला मिळतं, अरे वा किती छान व्हिएतनामी बोलतेस. आणि प्रागमध्ये, जिथे तिचा जन्म झाला, तिथे पण नवीन माणूस भेटला की, अरे वा किती छान चेक बोलतेस. दोन्हीकडे कौतुकच, आणि दोन्ही कौतुकांचा अर्थ एकच की तू आमची नाहीस.

संपादक महोदय, हे ऐकलं आणि मला आमच्या सांगलीच्या अपार्टमेंटचा वॉचमन आठवला. नेपाळचे होते, सगळे त्यांना बहादूर म्हणायचे, त्यांचं नाव बहादूर नव्हतं. त्यांचा मुलगा सांगलीतच जन्मला, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकला, आमच्यासारखंच ‘काय करायलास’ म्हणायचा, आणि बिल्डिंगमधला प्रत्येक पाहुणा त्याला म्हणायचा, अरे वा, मराठी येतं की तुला! मीही म्हटलंय. तेव्हा तो खाली बघून हसायचा. ते हसणं मला आता, वीस वर्षांनी, कळतंय. मला त्याची माफी मागायची आहे पण ते लोक कुठे गेले माहीत नाही.

या मुलांबद्दल बोलायची सगळ्यांना घाई असते, त्यांचं ऐकायची नसते. 2009 मध्ये इथे एक कादंबरी गाजली होती, व्हिएतनामी तरुणीने चेकमध्ये लिहिलेली म्हणून. बक्षीस मिळालं, लोक म्हणाले बघा आता यांची पिढी बोलायला लागली. आणि मग उघड झालं की ती तरुणी नव्हतीच, एका चेक पुरुष लेखकाने व्हिएतनामी बाईचं नाव घेऊन लिहिलेली होती. मोठीला हे कॉलेजात कळलं. तिला पुस्तक कसं आहे यात रस नव्हता. ती एवढंच म्हणाली की तेव्हा मी पाच वर्षांची होते, लोक थोडं थांबले असते तर आम्हीच लिहिलं असतं. आणि आता ती पिढी लिहितेच आहे, बोलते आहे, रेस्टॉरंट काढते आहे, डॉक्टर-वकील होते आहे.

कायद्याने मात्र त्यांना बरंच मिळालं, ते पण सांगायला हवं. 2013 मध्ये व्हिएतनामींना इथे राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे पाहुणे नाहीत, या देशाचाच एक समाज. इथे नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, प्रागच्या हॉस्पिटलात जन्मलेलं मूल पण कागदावर परदेशी असतं. पण 2014 पासून नवा कायदा आला, जुनं नागरिकत्व सोडायची अट गेली आणि लहानपणापासून इथे वाढलेल्या मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत साध्या घोषणेने नागरिक होता येतं. मोठीने ते केलं. त्या दिवशी तिच्या आईने दुपारचं दुकान बंद ठेवलं, मी अकरा वर्षांत ते शटर दुपारी बंद पाहिलं ते तेवढंच. आपल्या भारताच्या कायद्यात दोन पासपोर्ट चालत नाहीत, म्हणजे माझ्या मुलीला एक दिवस खरंच निवड करावी लागणार आहे, फॉर्मवर सही करून. तो दिवस यायचा तेव्हा येईल. पण निदान जेवणाच्या टेबलावर, लग्नाच्या मांडवात, व्हिडिओ कॉलवर तरी ती निवड आपण तिच्याकडे रोज मागू नये असं मला फार वाटतं.

कारण रोज मागतो आपण. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला सांगलीला गेलो होतो, माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती पंगतीत म्हणाली, ‘मला अजून एक जिलबी पाहिजे, तो गोड आहे.’ एवढंच. तो गोड आहे. सगळी पंगत हसली, कोणीतरी म्हणालं मॅडमचं मराठी ऐका, परत बोल परत बोल म्हणून तिला तीनदा बोलायला लावलं आणि मोबाइलवर शूट केलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसं. पण परत आल्यावर ती माझ्याशी मराठी बोलायची थांबली. मी मराठीत विचारायचे, ती चेकमध्ये उत्तर द्यायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. काका लिहितात आईबापांनी भाषा तोडली. आमच्या घरात ती एका जिलबीवर तुटली.

जोडली कशी ते पण सांगते, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. डिसेंबरात इथे ख्रिसमसच्या आधी रस्तोरस्ती पाण्याचे मोठे टब ठेवतात, त्यात जिवंत कार्प मासे. ख्रिसमसच्या जेवणाला चेक लोक कार्प खातात, आणि आधी एक-दोन दिवस तो घरी आणून बाथटबमध्ये सोडायची जुनी पद्धत आहे. बाबिच्काकडे गेल्या वर्षी कार्प आणला, धाकटी आणि माझी मुलगी दिवसभर बाथरूममध्ये त्याच्याशी गप्पा मारत बसल्या. मग काही आठवड्यांनी व्हिएतनामींचा तेत आला, त्यांचं चांद्र नववर्ष. त्याच्या आठवडाभर आधी त्यांचा चुलीचा देव वर्षभराचा हिशोब द्यायला स्वर्गात जातो, आणि जातो कशावर बसून, तर कार्प माशावर! म्हणून त्या दिवशी कागदाचा कार्प करून जाळतात. धाकटीने माझ्या मुलीला बोलावलं, आणि सांगितलं की आमच्याकडे दोन कार्प असतात, एक बाबिच्काचा आणि एक आईचा. तिच्या दृष्टीने त्यात सोडवण्यासारखं काही नव्हतंच, दोन कार्प म्हणजे दोन कार्प. माझी मुलगी घरी येऊन मला म्हणाली, मग आपला कुठला? म्हटलं आपला मासा नाही, आपला उंदीर, त्याच्यावर गणपती येतो. तर तिला ती गोष्ट मराठीतच ऐकायची होती, कारण उद्या तिला ती धाकटीला सांगायची होती. मी सांगितली, ती मधे मधे विचारत राहिली, तो उंदीर कुठे बसतो, ती मोदक खाते का. मी एकदाही सुधारलं नाही. हसले तर मुळीच नाही.

दुकानवाल्यांच्या घरात मुलींच्या आजोबांचं श्राद्ध पण होतं, ‘झो’ म्हणतात, दर वर्षी चांद्र तारखेने, त्यामुळे इंग्लिश कॅलेंडरवर तारीख बदलत राहते आणि पोरींना बाबांना विचारावं लागतं या वर्षी कधी. मला पण तिथी सासूबाईच फोनवर सांगतात. फोटोसमोर फळं, भात, उदबत्ती. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची बाबिच्का पण येते, केक घेऊन, आणि तो केक फोटोसमोर ठेवतात. मी स्वतः पाहिलाय, उदबत्तीच्या शेजारी पिठीसाखर भुरभुरलेला चेक केक. 2020 च्या मार्चमध्ये मास्क कुठे मिळत नव्हते तेव्हा प्रागभर व्हिएतनामी लोकांनी घरी मशिनीवर मास्क शिवून फुकट वाटले, आमच्या दुकानवालीनेही वाटले, आणि बाबिच्का तिसऱ्या मजल्यावर बसून नाड्या कापत होती. त्या बाईची कोणी नातेवाईक नव्हती व्हिएतनाममध्ये. आता आहे.

म्हणून माझी त्या काकांना आणि तुमच्या सगळ्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. यंदा दिवाळीत परदेशातली नातवंडं येतील, त्यांना ‘तू इंडियन की अमेरिकन’ असं विचारू नका, गंमत म्हणून पण नको. ती मोडकं बोलली तर तसंच ऐका आणि पुढे बोला. त्यांना चुलीपाशी, गोठ्यात, दवाखान्यात, बाजारात सोबत न्या, तिथले शब्द पडू द्या कानावर. आणि आपल्याच गावात कोणाचं मूल बाहेरच्या मुलुखातलं असेल, बिहारचं, नेपाळचं, तर त्याला छान मराठी बोलतोस म्हणू नका, त्याच्याशी मराठीत बोला. तुमच्या पेपराला पण विनंती, असल्या मुलांवर पुरवणी काढाल तेव्हा त्या मुलांनाच लिहायला सांगा, शुद्धलेखन नंतर बघता येईल.

दुकानातल्या मोठीबद्दल शेवटचं सांगते. सप्टेंबरपासून ती शनिवारी सकाळी सापाला व्हिएतनामीच्या वर्गाला जाते. वर्ग लहान मुलांचा आहे, सहा-सात वर्षांची पोरं आणि मधे ही एकवीस वर्षांची, छोट्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी शिक्षिकेने विचारलं तुला काय शिकायचंय, तर हिने विचारलं ट्यूमरला काय म्हणतात. शिक्षिका घाबरली, घरी कोण आजारी आहे का म्हणाली. हिने सांगितलं, नाही, दहा वर्षांपूर्वी होतं. परवा मी दूध आणायला गेले तेव्हा तिने मला वही काढून दाखवली. पहिल्या पानावर पहिला शब्द, ‘खोइ उ’, आणि त्याखाली तोच दहा वेळा गिरवलेला. त्या रात्री दुकान बंद केल्यावर तिने आईला सगळं सांगितलं म्हणे, तेव्हा डॉक्टर खरं काय म्हणाले होते ते. आई तिला एवढंच म्हणाली, मग तीन आठवडे तू जेवत होतीस का?

आपली,
एक नियमित वाचक
प्राग (मूळ सांगली)